संदुकीतलं जपानी पिस्तूल: ओळखावं कसं, खुणा वाचाव्या कशा, जपावं काय

माळ्यावरची जुनी संदूक उघडली आणि फौजी कोटाच्या घडीत पिस्तूल दिसलं, तर ते आहे तिथंच राहू द्या. हाताळू नका, पुसू नका, मॅगझीन ओढून पाहू नका. लेकरांना त्या खोलीतून बाहेर काढा, दाराला कडी लावा. या हत्याराचा अर्धा इतिहास त्याच्या अंगावर कोरलेला असतो. तो वाचायला डोळे आणि टॉर्च पुरतात.

विदर्भातल्या खेड्यात जपानी पिस्तूल येण्याचा रस्ता साधा आहे. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे पुष्कळ जवान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं, १९४४ च्या मार्च ते जुलैमध्ये इंफाळ आणि कोहिमा इथं त्यांची पुढची चाल मोडली, ३ मे १९४५ ला रंगून परत घेतलं गेलं. २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात शरणागतीवर सह्या झाल्या आणि १२ सप्टेंबरला सिंगापुरात माउंटबॅटन यांनी आग्नेय आशियातल्या जपानी फौजांची शरणागती घेतली. त्यानंतर कितीतरी महिने ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशियात जपानी तुकड्या नि:शस्त्र करण्याचं काम हिंदी पलटणींकडे होतं. १९४६-४७ मध्ये खुद्द जपानात ताबा फौजेबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. पिस्तुलं, तलवारी, झेंडे तिथूनच बिस्तऱ्यात बांधून घरी आले.

म्हणून पिस्तुलाआधी संदुकीतले कागद पाहा. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेली नोंदवही) असेल तर पलटण आणि तारखा मिळतात. बर्मा स्टार हे ब्रह्मदेशाच्या आघाडीचं, पितळी रंगाचं सहा टोकांचं पदक असतं. त्याच्या रिबिनीत मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळे पट्टे आणि प्रत्येक निळ्याच्या मधून नारिंगी रेघ असते. हिंदी जवानांच्या पदकांवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, मागची बाजू नक्की पाहा. पदक, कागद आणि पिस्तुलावरची तारीख यांचा मेळ बसला तरच घरात सांगितली जाणारी हकिकत पक्की धरावी.

जपानी म्हणजे नेमकं कोणतं?

गावात कोणत्याही अनोळखी जुन्या पिस्तुलाला ‘जपानी’ म्हणतात. खरी जपानी लष्करी हत्यारं जी भेटू शकतात ती मुख्यतः तीन: टाइप २६ रिव्हॉल्व्हर, टाइप १४ पिस्तूल आणि टाइप ९४ पिस्तूल. टाइप १४ च्या आधीचं नाम्बू पिस्तूलही असतं, पण ते क्वचित.

आधी नावांतला घोळ सोडवू, कारण इथं जाणकारही फसतात. २६, १४ आणि ९४ हे आकडे एकाच कालगणनेतले नाहीत. २६ म्हणजे मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीचं २६ वं वर्ष, म्हणजे १८९३. १४ म्हणजे ताइशो सम्राटाचं १४ वं वर्ष, म्हणजे १९२५. आणि ९४ हा जपानच्या पुराणोक्त साम्राज्यस्थापनेपासून मोजलेल्या २५९४ व्या वर्षाचा शेवट आहे, म्हणजे १९३४. हिशेब असा ठेवा: मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशोत १९११, आणि ताइशोनंतरच्या सम्राटाच्या शोवा वर्षात १९२५. साम्राज्य संवतातून मात्र ६६० वजा करा. आपल्याकडे शके आणि विक्रम संवत एकाच पंचांगात नांदतात, तेव्हा हे समजायला जड जाऊ नये.

टाइप २६ हे सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, टोकियोच्या कोइशिकावा शस्त्रागारात बनलेलं. त्याआधी जपानी फौज अमेरिकन स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर विकत घेत असे. टाइप २६ वरून मोडतं: मागची कडी उचलली की नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकली जातात. घोड्याला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीला, अंगठ्याने ओढायचं शिंग नाही. फक्त ट्रिगर लांब ओढूनच तो उठतो आणि सुटतो. काडतूस ९ मिमीचं, कडा असलेलं, त्याचं स्वतःचंच. बाजूची झाकणपट्टी बिजागरीवर दारासारखी उघडते, त्यामुळे आतली यंत्रणा साफ करणं सोपं होतं. ही सोय त्या काळी फार थोड्या हत्यारांत होती.

इथं एक गल्लत नेहमी होते. ब्रिटिश एन्फिल्ड नंबर २ चं एक रूप रणगाड्यातल्या सैनिकांसाठी बिनशिंगाच्या घोड्याचं केलं होतं आणि तेही वरूनच मोडतं. लांबून दोन्ही भाऊ वाटतात. एन्फिल्डवर मुकुटाचा छाप आणि इंग्रजी अक्षरं असतात, टाइप २६ वर चित्रलिपी. छाप दिसेपर्यंत निर्णय देऊ नका.

टाइप १४ हे सगळ्यांत जास्त भेटणारं. किजिरो नाम्बू (१८६९–१९४९) या शस्त्रागार अधिकाऱ्याने शतकाच्या सुरुवातीला स्वयंचलित पिस्तूल आखलं. नौदलाने १९०९ मध्ये ते स्वीकारलं, लष्कराने मात्र महाग म्हणून रीतसर घेतलं नाही. त्याचीच सोपी, स्वस्त आवृत्ती म्हणजे टाइप १४. नागोया, टोकियो आणि कोकुरा इथल्या शस्त्रागारांत आणि पुढे खासगी कारखान्यात मिळून सुमारे २,८०,००० नग निघाले. बारीक उघडी नळी, तिरकी मूठ, आडव्या रेघा पाडलेल्या लाकडी पट्ट्या, आणि मागच्या टोकाला बाटलीच्या बुचासारखी गोल मूठ जी मागे ओढून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, उघडतो. लांबी सुमारे २३ सेंमी, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, मॅगझीनमध्ये ८ काडतुसं. बाहेरून ते जर्मन लुगरसारखं दिसतं आणि बरेच जण तिथंच थांबतात. आत दोघांचं काही जुळत नाही. लुगरचा सांधा गुडघ्यासारखा वर उचलला जातो, नाम्बूचा बोल्ट सरळ रेषेत मागे जातो.

आधीचं नाम्बू यापासून वेगळं ओळखायला मुठीची पुढची बाजू पाहा. तिथं बोटांनी दाबायचा सुरक्षा खटका असेल आणि नेम धरायची मागची माशी मीटरचे आकडे असलेली उभी करता येत असेल, तर ते टाइप १४ नाही. या जुन्या नगांना संग्राहक फार मोल देतात, त्यामुळे ओळखीत घाई करू नका.

टाइप ९४ छोटं आणि बेढब. लांबी १९ सेंमीच्या आत, ६ काडतुसं, मूठ लहान आणि पुढचा भाग जड. वैमानिक, रणगाडाचालक, जागेची तंगी असणारे सैनिक यांच्यासाठी हे बनलं. १९३५ ते १९४५ या काळात सुमारे ७१,००० निघाले. युद्ध संपत आलं तसं कामही घसरलं: नगांवर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात, मुठीला चौकटीच्या पट्ट्यांऐवजी साध्या लाकडी फळ्या ठोकलेल्या असतात. एवढ्यावरून कोणी तुमच्या नगाला नकली म्हटलं तर मानू नका. १९४५ चा नग असाच दिसायला हवा.

खुणा वाचणं

टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका मारा. कोरीव अक्षरं सावलीत उठून दिसतात. पिस्तूल ज्या कुशीवर पडलं असेल तेवढीच बाजू तुम्हाला मिळेल. दुसरी बाजू पोलीस आल्यावर.

टाइप १४ च्या डाव्या बाजूला मागे नाव असतं. त्यातलं पहिलं चिन्ह आपल्या अधिकच्या खुणेसारखं दिसतं, ते १०. दुसरं चौकोनी डबीत दोन पाय असल्यासारखं, ते ४. तेव्हा आडवा मजकूर उजवीकडून डावीकडेही कोरत, म्हणून क्रम उलटा दिसला तर बिचकू नका. टाइप ९४ वर ९ आणि ४ ची चिन्हं असतात. ४ ची तीच डबी इथंही भेटते.

तारीख उजव्या बाजूला. आधी एक चित्रलिपीचं अक्षर, ते ‘शोवा’चं, आणि मग आपल्या ओळखीच्या इंग्रजी आकड्यांत वर्ष, टिंब, महिना. १६.४ असेल तर १६ अधिक १९२५, म्हणजे १९४१ चा एप्रिल. १९.६ म्हणजे १९४४ चा जून. अगदी सुरुवातीच्या टाइप १४ वर १५ वर्ष दिसलं तर गोंधळ होतो, कारण ते ताइशोचं १५ वं, म्हणजे १९२६. ताइशो सम्राट २५ डिसेंबर १९२६ ला वारले, त्यामुळे शोवाचं पहिलं वर्ष जेमतेम आठवडाभर चाललं. शोवाचं १५ म्हणजे १९४०. दोघांतला फरक आकड्यात नाही, आधीच्या अक्षरात आहे आणि ट्रिगरच्या कड्यात आहे.

कडं म्हणजे ट्रिगरभोवतीची पट्टी. मांचुरियाच्या थंडीत हातमोजे घातलेलं बोट लहान कड्यात शिरत नसे, म्हणून १९३९ पासून ती मोठी, लांबट केली. शस्त्रागारात दुरुस्तीला परतलेल्या काही जुन्या नगांनाही मोठं कडं बसवलं गेलं. म्हणून लहान कडं असेल तर नग जुना हे नक्की, पण मोठं कडं आहे म्हणून तो नवाच असं नाही. मागची गोल मूठही काळ सांगते: पहिल्या नगांना तिच्यावर गोल खाचांचे पट्टे, शेवटच्या काळात त्यांच्या जागी खडबडीत जाळी.

शस्त्रागाराचे छाप अगदी छोटे असतात. चार गोळे एकावर एक रचल्यासारखे दिसले तर टोकियोचा तोफगोळ्यांचा छाप. तशाच, पण एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांचा कोकुराचा. वर्तुळात इंग्रजी आठसारखी आकृती असेल तर नागोया. ती आकृती नागोया किल्ल्याच्या छपरावरच्या दोन सोनेरी माशांची आहे. नंबर तिथंच असतो. नंबरापूर्वी वर्तुळात जपानी अक्षर असेल तर तो पुढच्या मालिकेतला नग, नसेल तर पहिल्या मालिकेतला. मॅगझीनवरही शेवटचे आकडे कोरलेले असत आणि मूळ जोडी जुळलेली असे. चांदीसारखं चकचकीत मॅगझीन सुरुवातीचं, काळपट नंतरचं.

आता आजोबांची हकिकत या तारखेशी ताडून पाहा. नगावर १९.६ असेल तर ते १९४२ च्या माघारीत हाती आलेलं नाही. आणखी एक: जपानी अधिकाऱ्यांना आपलं पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे, त्यामुळे पुष्कळांकडे बेल्जियन किंवा अमेरिकन पिस्तुलं होती. संदुकीत बेल्जियन ब्राउनिंग निघालं म्हणून ‘जपान्याकडून घेतलं’ ही गोष्ट खोटी ठरत नाही.

आत काय घडतं, आणि धोका कुठं आहे

टाइप १४ चं काडतूस ८ मिमीचं, बाटलीसारखं गळ्याशी किंचित आवळलेलं. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. त्या काळच्या जर्मन किंवा अमेरिकन काडतुसांपुढे हे दुबळं. पण दुबळं म्हणजे निरुपद्रवी नाही. माणसाचा जीव घ्यायला ते पुरेसं आहे.

गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत काही मिलिमीटर मागे सरकतात. नळीच्या मागच्या चौकटीखाली एक छोटा ठोकळा असतो. पुढच्या स्थितीत फ्रेम त्याला वर रेटून धरते आणि तो बोल्टच्या खाचेत बसतो. मागे सरकल्यावर त्याला खाली उतरायला जागा मिळते, तो निसटतो, नळी थांबते आणि बोल्ट एकटा मागे जातो. तोवर गोळी नळीतून निघून गेलेली असते आणि आतला दाब उतरलेला असतो. हा उशीर हेच त्या ठोकळ्याचं काम. बोल्टच्या दोन्ही कुशींत एकेक लांब स्प्रिंग असते, ती बोल्टला परत पुढे ढकलते, जाताना तो मॅगझीनमधलं पुढचं काडतूस आत सारतो. जुन्या नाम्बूत ही स्प्रिंग एकाच बाजूला होती. दुसरी घातल्यावर जोर सारखा वाटला गेला. याच सरळ जाणाऱ्या बोल्टने आणि बांध्याने पुढे अमेरिकेत पिस्तुलं बनवणाऱ्या विल्यम रुगरला भुरळ घातली. १९४९ च्या त्याच्या पहिल्या पिस्तुलात नाम्बूची छाप स्पष्ट दिसते.

काडतूस पेटवणारा स्ट्रायकर बोल्टच्या पोटात लपलेला. बाहेर घोडा नाही. म्हणजे पिस्तूल ताणलेलं आहे की सुटलेलं, हे बघून कळत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या घरात, काडतूस आहे हे सांगणारी खूणही नाही. टाइप १४ जवळ जाणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

आता मॅगझीन. मॅगझीन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, ही समजूत सगळ्यांत घातक. चेंबरमध्ये शिरलेलं काडतूस मॅगझीनबरोबर बाहेर येत नाही. १९३२ पासून टाइप १४ मध्ये एक खटका बसवला, मॅगझीन नसेल तर तो ट्रिगर अडवतो. त्याआधीच्या नगांत तो नाही, आणि ज्यांत आहे त्यांचीही स्प्रिंग ऐंशी वर्षांची झाली आहे. शेवटची गोळी संपल्यावर बोल्टला मागे धरून ठेवणारी स्वतंत्र कळ या पिस्तुलात नाही. मॅगझीनच्या आतली पट्टीच बोल्टला अडवते. त्यामुळे अशा वेळी मॅगझीन ओढायला जड जातं, जोर लावून काढलं की बोल्ट सपकन पुढे येतो आणि बोट सापडतं. काही नगांना मुठीच्या पुढच्या कडेला मॅगझीन घट्ट धरणारी पत्र्याची स्प्रिंगही आहे, ती ओढाओढ आणखी वाढवते. जोर लावताना दुसऱ्या हाताची बोटं कुठं जातात याचा विचार करा.

सुरक्षा कळ डाव्या बाजूला, ट्रिगरच्या वर. ती अर्धं वर्तुळ फिरते आणि धरल्या हाताच्या अंगठ्याने फिरत नाही, दुसरा हात लागतो. गंजलेली कळ ‘सुरक्षित’च्या खुणेवर दिसली तरी आतला आस सरकलेला असू शकतो. स्ट्रायकर मोडणं हा या पिस्तुलाचा जुना दोष, इतका की म्यानातच जादा स्ट्रायकरसाठी छोटा खिसा शिवलेला असतो. मोडलेला तुकडा पुढच्या भोकात अडकून राहिला तर बोल्ट पुढे आदळतानाच काडतूस पेटू शकतं. ‘चालतच नाही ते’ असं ज्या पिस्तुलाबद्दल घरात सांगतात, ते या कारणाने जास्त धोक्याचं.

टाइप ९४ चा दोष तर जगभर गाजलेला. ट्रिगर आणि आतला घोडा यांना जोडणारी पट्टी फ्रेमच्या डाव्या बाजूला उघडी आहे. घोडा ताणलेला असेल, काडतूस आत असेल आणि सुरक्षा कळ उतरलेली असेल, तर त्या पट्टीचं पुढचं टोक दाबलं की ट्रिगरला हात न लावता गोळी सुटते. जपानी सैनिक शरण येताना या युक्तीने समोरच्याला मारत, ही दंतकथा आहे. ते मुद्दाम केलेलं नाही, आखणीतलीच चूक आहे. पण उचलताना माणूस नेमका तिथंच धरतो.

टाइप २६ ची खोड वेगळी. घोडा खाली असताना त्याचं गोल चक्र अडकत नाही, मोकळं फिरतं. ट्रिगर ओढला जातो तेव्हाच त्याला अटकाव बसतो. म्हणजे ‘समोरचं भोक रिकामं दिसलं’ याला काही अर्थ नाही. हलवलं, म्यानात घासलं, की दुसरं भोक समोर येतं.

कुणाला सांगायचं

पोलीस पाटलाला सांगा, त्याच्यामार्फत किंवा थेट ठाण्यात फोन करा. पिस्तूल पिशवीत घालून एसटीने किंवा मोटारसायकलवर ठाण्यात नेऊ नका. वाटेत नाकाबंदीत सापडलात तर ते विनापरवाना शस्त्र घेऊन फिरणं ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद आहे. स्वतःहून कळवणाऱ्याची बाजू वेगळी असते, म्हणून सापडलं त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याची नोंद लेखी घ्या.

ठाणेदार आल्यावर पंचनामा होईल. त्यात ‘एक जुने पिस्तूल’ एवढंच लिहू देऊ नका. नम्रपणे आग्रह धरा: प्रकार, नंबर, तारीख, शस्त्रागाराचा छाप, मॅगझीन किती आणि त्यांवरचे आकडे, काडतुसं किती, म्यान, साफ करायची सळई, सगळं नोंदवलं जावं. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढायला सांगा. पंचनाम्याची प्रत घ्या. पुढे मुद्देमालाच्या खोलीत डझनभर हत्यारांत तुमचं कोणतं, हे या कागदावरूनच ठरतं.

कायद्यात जुनाट किंवा पुराणवस्तूचं मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण अट कडक आहे: ते दुरुस्ती करूनही चालवता येऊ नये. म्हणजे गंजून बंद पडलेलं पिस्तूल आपोआप सुटत नाही. ते ठरवणं शस्त्रतज्ज्ञाचं काम, तपासणी नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी होते. घरी ठेवायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वारसाहक्काने परवान्याचा अर्ज करता येतो. कायमचं निकामी करून घ्यायचं असेल तर परवानगी घेऊन परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच. गावातल्या वेल्डरकडे नळीत भोक पाडून घेऊ नका. ते कायद्यात बसत नाही आणि आत काडतूस असेल तर वेल्डरचा जीव जातो. संग्रहालयाला द्यायचा विचार असेल तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला १८६३ चा अजब बंगला, तिथं लेखी विचारणा करा. कागदपत्रं आणि पदकांसह दिलेला नग एकट्या नगापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

मॅगझीन, स्ट्रायकर, सुटे भाग हेही कायद्याने शस्त्रातच मोडतात. म्यानाच्या छोट्या खिशात जादा स्ट्रायकर राहिला असेल तर तोही जमा करा. काडतुसं विहिरीत टाकू नका, चुलीजवळ ठेवू नका, हिरवी बुरशी चढली म्हणून घासू नका.

घरी राहतं ते जपणं

म्यान, पट्टा, पदकं, पत्रं, फोटो घरी राहतात. जमा केलेलं हत्यार कधी निकामी होऊन परत मिळालं तर तेही. आपल्याकडे या वस्तूंचा नाश गंजाने होतो त्याहून जास्त घासण्याने आणि तेलाने होतो.

दिवाळीच्या सफाईत चिंच, राख, विटेची भुकटी, पॉलिश पेपर यांपैकी काहीही धातूला लावू नका. निळसर काळा थर जातो, त्याबरोबर अर्ध्या मिलिमीटरचे छापही जातात, आणि नागोयाचा मासा की कोकुराचं वर्तुळ हे मग कुणालाच कळत नाही. आणि जवसाचं तेल. घरात बाटली असते, हात तिकडेच जातो. पण जवस हे सुकणारं तेल आहे. हवेत ते घट्ट होतं, रंगवाले त्याचं वार्निश करतात ते याचसाठी. धातूवर त्याचा पिवळा, चिकट पापुद्रा धरतो, खाली ओलावा कोंडतो. करडईचंही तसंच. निकामी केलेल्या धातूला खनिज तेलाचा अगदी पातळ हात किंवा संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण पुरतं, वर्षातून दोनदा: नवतपा सुरू व्हायच्या आधी आणि झडी सरल्यावर. हातमोजे घाला, घामातलं मीठ बोटांच्या ठशांच्या आकाराचा गंज आणतं.

पिस्तूल म्यानात ठेवून जपणं ही फार मोठी चूक. चामडं कमावताना वापरलेले आम्ल आणि क्षार त्यात असतात, शिवाय ते पावसाळ्यातली ओल धरून बसतं. म्यानात ठेवलेल्या नगाला ज्या बाजूने चामडं टेकतं त्याच बाजूने खड्डे पडतात. दोन्ही वेगळे ठेवा.

टाइप १४ चं म्यान शिंपल्यासारख्या फुगीर झाकणाचं. त्याला तेल, तूप, बुटाचं पॉलिश काही नको. मऊ ब्रशने धूळ झटका. पितळी बटणाभोवती हिरवं मेणासारखं साचलं असेल तर ते तेल आणि तांब्याच्या संयोगातून येतं. बांबूच्या काडीने हलकेच काढा, चाकूने नाही. हात लावल्यावर लाल भुकटी पडत असेल तर चामडं आतून कुजलं आहे. त्यावर काहीही चोपडलं तरी ते काळं आणि कडक होतं, म्हणून तसंच ठेवून आधार द्या. आत धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट सैल भरा म्हणजे आकार टिकतो. वर्तमानपत्र नको, त्याच्या आम्लाचा डाग पडतो. युद्धाच्या शेवटच्या काळातली म्यानं रबर चढवलेल्या कॅनव्हासची असतात. ती मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवली तर वितळल्यासारखी चिकटतात. घड्यांमध्ये बेकरीत वापरतात तो सिलिकॉन कागद घाला आणि वर काही ठेवू नका.

जागा म्हणाल तर माळा सोडून कुठलीही. टिनाखाली उन्हाळ्यात भट्टी होते, चामडं तडकतं, आणि मृग लागला की त्याच तड्यांत बुरशी शिरते. घराच्या मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवरून उचललेला लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा ठेवा. कुलरची ओली हवा तिथं पोचू नये. आत ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलला की वाळवून परत. कडुनिंबाचा पाला वस्तूला लागून ठेवू नका, तो ओल आणि डाग दोन्ही सोडतो. बुरशी दिसली तर वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवा, नाकाला फडकं बांधून कोरड्या ब्रशने झाडा. उन्हात टाकू नका.

शेवटी एक वही करा. पिस्तुलाचा प्रकार, नंबर, तारीख, पंचनाम्याचा क्रमांक, पलटणीचं नाव, पदकामागचा मजकूर जसाच्या तसा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतं ते त्यांच्या शब्दांत, कुणी सांगितलं आणि कोणत्या साली सांगितलं त्याच्यासकट. ती वही त्याच डब्यात ठेवा, पण चामड्याला टेकणार नाही अशी.